यांत्रिक करवत : घरगुती घ्यावी कीं धंदेवाईक?

झाड कापणें हें शेतकऱ्याचें नित्याचें काम नव्हे. तथापि तें कोणासही चुकत नाहीं. बांधावरील बाभळीची फांदी पिकावर सावली धरते, जुना निंब वळवाच्या वादळानें आडवा होऊन गाडीवाट अडवितो, विहिरीच्या कांठचें वाळलेलें झाड केव्हां पडेल याचा नेम नसतो, आणि सरपण तर अद्याप पुष्कळ घरांत लागतेंच. पूर्वीं या कामांस कुऱ्हाड, कोयता व दोघांनीं ओढावयाचा आरा एवढीं साधनें पुरत. आतां मजूर वेळेवर मिळणें दुरापास्त झालें, कुऱ्हाड चालविणारा जाणता हात गांवांत विरळा राहिला, आणि पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत, जिला बाजारांत चेन सॉ किंवा नुसतें कटर म्हणतात, ती जळगांव-धुळ्यापासून तालुक्याच्या गांवापर्यंत दुकानांच्या दर्शनी भागीं टांगलेली दिसूं लागली आहे.

दुकानांत गेलेल्या शेतकऱ्यापुढें मात्र एक कोडें उभें राहतें. रंगानें व आकारानें जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या दोन करवतींच्या किंमतींत दुपटीतिपटीचें अंतर असतें. दुकानदार एकीस घरगुती म्हणतो, दुसरीस धंदेवाईक म्हणतो. पण हा भेद कशांत आहे हें क्वचितच समजावून सांगितलें जातें. परिणाम असा होतो कीं, कोणी स्वस्त म्हणून लहान करवत घेऊन तिजकडून चिंचेचा बुंधा कापवितो व पहिल्याच हंगामांत तिचें इंजिन जाळतो. दुसरा कोणी मोठेपणासाठीं भारी करवत घेतो व ती वर्षांतून चार दिवस चालून बाकीचे दिवस माळ्यावर पडून राहते. पहिल्याचें यंत्र जातें, दुसऱ्याचें भांडवल अडकतें. हे दोन्ही तोटे टाळतां यावे एवढ्याचसाठीं हा विषय येथें थोडा विस्तारानें मांडीत आहें.

यंत्राची थोडी ओळख

साखळीची करवत ही मूळची जंगलांतील ठेकेदाराच्या कामाची वस्तु आहे. जर्मनींत आंद्रेआस स्टिल यांनीं १९२६ सालीं विजेवर चालणारी अशी करवत तयार केली. तिचें वजन सुमारें ६४ किलो असून ती धरण्यास दोन माणसें लागत. पुढें पेट्रोलवरील यंत्रें निघालीं. एका माणसानें उचलून चालवावी अशी त्यांची पेट्रोल करवत १९५० सालीं आली, तीही १६ किलोंची होती. दरम्यान अमेरिकेंतील जोसेफ कॉक्स यांनीं लांकूड पोखरणाऱ्या अळीचा जबडा पाहून त्या धर्तीवर साखळीचे दांत घडविले व १९४७ पासून ते विकण्यास आरंभ केला. आज आपल्या हातीं येणाऱ्या बहुतेक साखळ्यांचे दांत त्याच घाटाचे आहेत. हे दांत रंध्याप्रमाणें लांकडाची ढलपी उचलतात. म्हणूनच धार चांगली असल्यास करवतींतून जाड ढलप्या पडतात आणि धार गेल्यास पिठासारखा भुसा पडतो.

इंजिन दोन धक्क्यांचें असतें. तें मिनिटास बारा-तेरा हजार फेऱ्यांपर्यंत फिरतें आणि पट्टीवरील साखळी सेकंदास सुमारें ६० फूट या वेगानें धांवते. हा वेग धांवत्या आगगाडीचा आहे हें चालविणारानें क्षणभरही विसरूं नये.

वर्ग कसे पडतात

कारखानदार आपल्या करवतींचे साधारणपणें तीन वर्ग करितात. पहिला घरगुती : इंजिन सुमारें ३० ते ४० सी.सी., पट्टी १२ ते १६ इंच, कधींमधीं होणाऱ्या फांदीतोडीसाठीं व सरपणासाठीं. दुसरा शेतकी : ४५ ते ५५ सी.सी., पट्टी १६ ते १८ इंच, बांधावरील मध्यम झाडांसाठीं. तिसरा धंदेवाईक : हा ५० सी.सी. पासून ९० सी.सी. च्याही वर जातो, आणि रोज कित्येक तास राबणाऱ्या लांकूडतोड्यासाठीं असतो.

यांतील शेवटच्या वर्गाकडे वाचकांनीं विशेष लक्ष द्यावें. धंदेवाईक म्हणजे केवळ मोठी असें नव्हे. स्टिल कंपनीच्याच दोन करवती उदाहरणार्थ घेऊं. एम.एस. २७१ ही शेतकी वर्गांतील व एम.एस. २६१ ही धंदेवाईक. दोहोंचें इंजिन ५०.२ सी.सी. चेंच आहे. परंतु पहिलीची शक्ति २.६ किलोवॅट व वजन ५.६ किलो, दुसरीची शक्ति ३ किलोवॅट व वजन सुमारें ४.९ किलो. म्हणजे सी.सी. तेच असतां धंदेवाईक करवत हलकी असून अधिक जोराची आहे. जास्त पैसे जातात ते आकारासाठीं नव्हेत, तर थोड्या वजनांत अधिक शक्ति बसविण्यासाठीं व ती पुष्कळ दिवस टिकविण्यासाठीं.

आंतील फरक

पहिला फरक इंजिनाच्या पेटीचा. ज्या पेटींत क्रँक फिरतो ती धंदेवाईक करवतींत मॅग्नेशियमसारख्या हलक्या धातूची ओतीव असते व तिच्यावर सिलिंडर वेगळा बसविलेला असतो. घरगुती करवतींत बहुधा सबंध इंजिन प्लास्टिकच्या अंगांत बसवितात. यानें किंमत पुष्कळ उतरते व थोड्या कामास हें अंग पुरतेंही. पण तासन्‌तास चालविल्यास उष्णता सांठते, आणि दट्ट्या किंवा सिलिंडर बदलावयाचा झाल्यास सर्व यंत्र उकलावें लागतें. त्याची मजुरी जवळजवळ नव्या यंत्राच्या घरांत जाते, म्हणून अशी करवत बिघडली म्हणजे पुष्कळदां ती टाकूनच द्यावी लागते. धंदेवाईक करवत मुळांतच उकलून पुन्हां जोडण्यासाठीं रचलेली असते.

दुसरा फरक कंपनाचा. चांगल्या करवतींत मुठी व इंजिन यांमध्यें पोलादी स्प्रिंगा असतात. स्वस्त करवतींत रबरी गुटके असतात, ते उन्हानें व पेट्रोलानें लवकर कडक होतात. वर्षानुवर्षें रोज कंपन सोसणाऱ्या हातांचीं बोटें बधिर व पांढरीं पडण्याचा रोग जडतो. वर्षांतून चार दिवस काम करणारास ही भीति थोडी. ठेक्यानें झाडें कापणारास ती मोठी आहे.

तिसरा फरक तेलाचा. साखळी व पट्टी यांस सतत तेल लागतें. घरगुती करवतीचा तेलपंप एका ठराविक मानानेंच तेल सोडतो. धंदेवाईक करवतींत तें कमीअधिक करितां येतें. वाळल्या बाभळींत लांब पट्टी घातली असतां तेल वाढवितां येणें ही चैन नव्हे, गरज आहे.

चवथा फरक हवेच्या गाळणीचा. वैशाख-ज्येष्ठांत आपल्याकडील काळ्या मातीची धूळ किती बारीक असते हें सांगावयास नको. मोठी व सहज निघणारी गाळणी असली कीं इंजिनाचें आयुष्य वाढतें.

आयुष्याचा अंदाज करण्यास एक गमक सांगतों. अमेरिकेंत विकल्या जाणाऱ्या अशा हातयंत्रांच्या इंजिनांचे ५० तास, १२५ तास व ३०० तास असे तीन वर्ग तेथील सरकारनें पाडले आहेत. इंजिनाचा धूर किती तासपर्यंत नियमांत राहील याचा तो आंकडा आहे, इंजिन तेवढेंच चालेल असा त्याचा अर्थ नव्हे. तथापि कोणतें यंत्र किती कामासाठीं म्हणून घडविलें आहे याची त्यावरून कल्पना येते.

आपलें लांकूड कोणतें?

परदेशांतील कोष्टकें बहुधा देवदार-चीडसारख्या मऊ लांकडांवर बसविलेलीं असतात. आपल्या खानदेशांत कापावयाचीं झाडें निराळीं आहेत. शेवगा, पांगारा व कोवळी सुबाभूळ हीं मऊ. निंब व आंबा मध्यम. बाभूळ व चिंच कठीण. आणि सातपुड्याच्या पायथ्याचा अंजन तर हिंदुस्थानांतील अत्यंत जड लांकडांपैकीं आहे, त्याचा ठोकळा पाण्यांत बुडतो. त्यांतूनही ओलें लांकूड सुरेख कापलें जातें आणि तेंच वाळल्यावर साखळीचे दांत खातें. म्हणून कोष्टकांत १६ इंचांची पट्टी लिहिली असली तरी वाळल्या बाभळीस त्याच इंजिनावर १४ इंचांचीच लावावी हें बरें. लहान इंजिनावर लांब पट्टी लावणें म्हणजे गोऱ्ह्यास बैलाची गाडी जुंपण्यासारखें आहे.

झाडाची जाडी काढण्याची रीत सोपी आहे. छातीइतक्या उंचीवर बुंध्यास दोरी गुंडाळून घेर मोजावा व त्यास ३.१४ नें भागावें. घेर ४ फूट, म्हणजे ४८ इंच असल्यास जाडी सुमारें १५ इंच येते. घेर ९ फूट असल्यास जाडी ३४ इंचांच्या वर जाते. पहिलें झाड शेतकी करवतीचें आहे. दुसऱ्यास घरच्या करवतीनें हात लावूं नये, तें जाणत्या धंदेवाईकाकडेच सोंपवावें. आपल्या शेतांतील व बांधावरील सर्व झाडांचे घेर एका कागदावर मांडून पाहिले म्हणजे कोणती करवत हवी याचें अर्धें उत्तर दुकानांत जाण्यापूर्वींच मिळतें.

येथें केळी पिकविणारांसाठीं दोन शब्द. रावेर-यावलकडील कित्येकांस असें वाटतें कीं घड उतरल्यावर केळीचीं खोडें या करवतीनें झटपट कापतां येतील. तसें करूं नये. केळीचें खोड म्हणजे लांकूड नव्हे. तें पाणी व तंतु यांचें बनलेलें असतें. ते तंतु साखळीच्या चाकांत गुंडाळून बसतात व रसानें लोखंड गंजतें. त्या कामास धारदार विळा किंवा कोयताच योग्य. त्याचप्रमाणें पऱ्हाट्यांसही ही करवत नाहीं. बारीक लवचिक काड्या साखळीबरोबर ओढल्या जाऊन चालविणाराच्या अंगावर उडतात.

तासांचा हिशेब

आतां मुख्य मुद्द्याकडे येऊं. करवतीची निवड एकरांवर ठरत नाहीं, तासांवर ठरते. ज्या शेतकऱ्यास वर्षांत दहाबारा बाभळी छाटावयाच्या, एकदोन पडलेलीं झाडें तोडावयाचीं व घरचें सरपण करावयाचें आहे त्याची करवत प्रत्यक्ष चालू अशी वर्षांत फार तर १५ तास चालेल. समजा घरगुती करवतीस २० हजार रुपये पडले व ती दहा वर्षें टिकली, तर १५० तास काम होऊन भांडवलाचा खर्च तासास सुमारें १३३ रुपये पडला. त्याच कामास ६० हजारांची धंदेवाईक करवत घेतली तर दहा वर्षांत तासास ४०० रुपये पडतात, आणि तिच्या अंगचा टिकाऊपणा वापरलाच जात नाहीं.

उलट बाजू पाहा. जो तरुण झाडतोडीचा धंदा करितो तो दिवसास ४ तास व वर्षांत १५० दिवस, म्हणजे ६०० तास करवत चालवितो. घरगुती करवत या रगाड्यांत वर्षभरही निभेल याचा भरंवसा नाहीं. ६० हजारांची करवत तीन वर्षें टिकली तरी १,८०० तासांत तासास ३३ रुपये एवढाच भार पडतो. शिवाय वजन कमी म्हणून थकवा कमी, आणि जोर अधिक म्हणून काम अधिक. हे आंकडे केवळ हिशेबाची रीत दाखविण्यासाठीं घेतले आहेत. ज्यानें त्यानें आपल्या बाजारचे भाव घालून तोच हिशेब करावा.

तिसरा मार्गही विसरूं नये. तुमचें सर्व काम वर्षांत दोन-तीन दिवसांचेंच असेल, तर स्वतःची करवत असलेला माणूस रोजानें बोलाविणें पुष्कळदां सर्वांत स्वस्त पडतें. त्यांत यंत्राची निगा, साखळीची धार व अपघाताची धास्ती यांची जोखीम आपल्या शिरावर कमी येते. मात्र वादळांत झाड पडून गोठा दबला किंवा रस्ता अडला अशा वेळीं तो माणूस इतर दहा ठिकाणीं गुंतलेला असतो. घरच्या करवतीची खरी किंमत त्या दिवशीं कळते.

भागीदारीची करवत

दहा शेतकऱ्यांचें काम एकत्र केलें तर वर्षाचे १५० तास होतात. हा आंकडा घरगुती करवतीच्या आटोक्याबाहेरचा व चांगल्या करवतीस शोभणारा आहे. म्हणून गांवच्या सोसायटीनें किंवा शेजारच्या खातेदारांनीं वर्गणीनें एक धंदेवाईक करवत घेणें हा विचार करण्यासारखा मार्ग आहे. परंतु सामाईक वस्तूची जी गत होते ती टाळण्यास तीन नियम कागदावर लिहून त्यांवर सर्वांच्या सह्या घ्याव्या. एक, करवत नेमलेल्या एकाच शिकलेल्या माणसानें चालवावी, हातोहात फिरवूं नये. दोन, एका वहींत तारीख, चाललेले तास, घातलेलें पेट्रोल व साखळीस कानस केव्हां लावली हें मांडावें. तीन, तासामागें कांहीं रक्कम नव्या साखळीसाठीं व दुरुस्तीसाठीं बाजूस ठेवावी. जेथें वही नाहीं तेथें भांडण आहे, हें महसूल कचेरींत आयुष्य घालविलेल्या माणसानें निराळें सांगावयास नको.

दुकानांत काय पाहावें

झांकणावरील सी.सी. च्या आंकड्यावर विसंबूं नये. सिलिंडरचा व्यास व दट्ट्याची धांव विचारावी. व्यास ४५ मि.मी. व धांव ३४ मि.मी. असल्यास ४.५ गुणिले ४.५ गुणिले ०.७८५४ गुणिले ३.४, म्हणजे सुमारें ५४ सी.सी. होतात, झांकणावर ५८ लिहिले असल्यास तो आंकडा शोभेचा समजावा. अत्यंत स्वस्त करवतींवर मोठा आंकडा व २२ इंचांची पट्टी असा थाट पुष्कळदां असतो. तेवढ्या शक्तीस ती पट्टी झेपत नाहीं.

करवत दोन्ही हातांत धरून पेट्रोल-तेलासह तिचें वजन पाहावें. जाहिरातींतील वजन बहुधा पट्टी व साखळी वगळून असतें. थंड असतां व तापल्यावर अशी दोन्ही वेळां ती सुरू करून दाखविण्यास सांगावें. साखळीचा ब्रेक, म्हणजे पुढील मुठीपुढचा उभा पंजा, ढकलतांच साखळी जागच्या जागीं थांबते कीं नाहीं हें पाहिल्यावांचून पैसे देऊं नयेत. आणि सर्वांत महत्त्वाचें, या करवतीची साखळी, पट्टी, गाळणी, कार्ब्युरेटरचे पडदे व चालू करावयाची दोरी आपल्या तालुक्याच्या गांवीं मिळते काय हें विचारावें. सुटे भाग मुंबईहून मागवावे लागणारी उत्तम करवत ही सुटे भाग शेजारीं मिळणाऱ्या मध्यम करवतीहून वाईट होय.

बॅटरीवरील करवतीही आतां मिळूं लागल्या आहेत. लिंबू, पेरू, डाळिंब व आंबा यांच्या छाटणीस त्या हलक्या व सोयीच्या आहेत. मात्र उन्हांत तापलेली बॅटरी भारणीस लावूं नये, आणि मोठ्या बुंध्याची अपेक्षा तिजकडून करूं नये.

निगा

कितीही उत्तम करवत घेतली तरी ती निगेवांचून टिकत नाहीं. आणि घरगुती करवतीची निगा राखणारा धंदेवाईक करवतीची हेळसांड करणारापेक्षां सुखी असतो.

पेट्रोलांत दोन धक्क्यांच्या इंजिनाचें चांगलें तेल ५० भागांस १ भाग, म्हणजे लिटरास २० मि.लि. मोजून घालावें. अंदाजानें ओतूं नये. नुसत्या पेट्रोलवर करवत चालविल्यास दट्ट्या पांच मिनिटांत घासून जातो. सन २०२५ पासून पंपांवरील पेट्रोलांत २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. तें हवेंतील ओल शोषतें, आणि फार दिवस राहिल्यास पाणी खालीं बसतें व रबरी पडदे खराब होतात. म्हणून महिन्याचें मिश्रण करून ठेवूं नये. काम संपतांच टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावें व मगच करवत ठेवून द्यावी. वर्षांतून थोडी चालणारी करवत बहुधा वापरानें बिघडत नाहीं, टाकींत राहिलेल्या जुन्या पेट्रोलानें बिघडते.

साखळीसाठीं ट्रॅक्टरचें जळकें तेल वापरण्याची जी रीत पडली आहे ती घातक आहे. त्यांतील लोखंडाचा कीस पंप व पट्टी खातो, आणि तें तेल उडून अंगावर येतें तें प्रकृतीसही अपायकारक आहे.

धारेसाठीं गोल कानस साखळीच्या मापाचीच हवी. लहान करवतींच्या साखळीस बहुधा ४ मि.मी., मध्यम साखळीस ४.८ मि.मी. व मोठीस ५.२ मि.मी. ची लागते. प्रत्येक टाकी भरतांना दोन-तीन हात कानस मारावी. बांधावरील जुन्या झाडांत कुंपणाची तार व खिळे सालीखालीं गेलेले असतात. तेथें एका क्षणांत नवी साखळी बोथट होते, म्हणून आधीं साल तपासावी व बुंध्यास लागलेली माती खरवडून काढावी.

आपल्याकडे उन्हाळ्यांत पारा ४४-४५ अंशांवर जातो. त्या दिवसांत काम सकाळींच उरकावें, सिलिंडरच्या पाकळ्यांतील भुसा काढावा, आणि कापणें संपल्यावर इंजिन एकदम बंद न करितां अर्धा मिनिट हळू चालूं द्यावें.

जिवाची जोखीम

करवतीचा वर्ग कोणताही असो, ती मांस व लांकूड यांत भेद करीत नाहीं. पट्टीच्या टोंकाचा वरचा अर्धा भाग लांकडास लागला कीं करवत उसळी मारून चालविणाराच्या तोंडाकडे येते. ही उसळी माणसाच्या हालचालीपेक्षां वेगवान असते. म्हणून टोंकानें कापूं नये, दोन्ही हातांनीं अंगठा वळवून मुठी धराव्या, खांद्याच्या वर करवत नेऊं नये, शिडीवर किंवा झाडावर चढून ती चालवूं नये, आणि एकट्यानें कधींही काम करूं नये. धोतराचा सोगा, उपरणें, गळ्यांतील गमछा हे सर्व आधीं काढून ठेवावें. डोळ्यांस चष्मा, कानांस बोळे किंवा कानझांपा, पायांत भक्कम बूट व मांडीस साखळी अडविणारा पायघोळ पट्टा एवढें साहित्य करवतीच्या किंमतींतच धरावें. हें घेण्यास पैसे उरत नसतील तर करवत एक पायरी स्वस्त घ्यावी, पण साहित्य सोडूं नये.

झाड पाडतांना त्याच्या उंचीच्या दुप्पट अंतरांत कोणी असूं नये, आणि जवळून विजेची तार गेली असल्यास महावितरणकडून प्रवाह बंद करविल्याशिवाय करवत सुरू करूं नये.

कापण्यापूर्वीं कागद

करवत हातीं आली म्हणजे जें झाड वर्षभर डोळ्यांत खुपत होतें तें उद्यांच पाडावें असें वाटूं लागतें. तेथें थोडें थांबावें. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ याच्या मूळ अनुसूचींत हिरडा, साग, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, चंदन, बिजा, हळदू, तिवस, ऐन, किंजळ, अंजन, जांभूळ व खारफुटी हीं झाडें आहेत. तीं स्वतःच्या मालकीच्या जमिनींत असलीं तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीवांचून तोडतां येत नाहींत. बाभूळ व निंब त्या मूळ यादींत नाहींत. तथापि यादींत फेरफार होऊं शकतात, नगरपालिकेच्या हद्दींत १९७५ चा वेगळा कायदा लागू आहे, आणि कांहीं जातींच्या लांकडाच्या वाहतुकीस परवाना लागतो. अनुसूचित जमातीच्या खातेदारांच्या झाडांच्या विक्रीस १९६९ चा स्वतंत्र कायदा आहे. सातपुड्याकडील बांधवांनीं व त्यांच्याकडून लांकूड घेणारांनीं तो ध्यानांत ठेवावा. यास्तव आधीं तलाठी व वनविभागाची कचेरी येथें विचारावें, मग करवतींत पेट्रोल भरावें.

बांधावरील झाडाविषयीं तर विशेष जपावें. झाड आपल्या हद्दींत आहे कीं शेजाऱ्याच्या हें मोजणीच्या खुणांवरून ठरल्याशिवाय त्यास हात लावूं नये. पूर्वीं कुऱ्हाडीनें झाड पाडण्यास सबंध दिवस लागे, तेवढ्यांत शेजारी येऊन हरकत घेई व प्रकरण बोलण्यावर मिटे. करवतीनें तेंच झाड दहा मिनिटांत आडवें होतें, आणि मग उरतें तें केवळ पंचनाम्याचें काम.

सारांश

ज्याचें काम वर्षांत १०-२० तासांचें, झाडें चार फूट घेराच्या आंतील व लांकूड मिश्र आहे, त्यानें नांवाजलेल्या कारखान्याची घरगुती करवत, किंवा वाळली बाभूळ अधिक असल्यास शेतकी वर्गांतील करवत घ्यावी. जो करवतीवर पोट भरतो, किंवा जी संस्था अनेकांचें काम एका करवतीवर करूं इच्छिते, तिनें धंदेवाईकच घ्यावी व तिच्यासाठीं एक हात शिकवून तयार करावा. ज्याचें काम दोन-तीन दिवसांचेंच आहे त्यानें रोजानें माणूस लावावा व कोयता-कुऱ्हाडीस धार लावून ठेवावी. अधिक किंमतीची वस्तु ती अधिक चांगली हें खरें. पण ती कोणाच्या कामास चांगली हें ज्यानें त्यानें स्वतःच्या बांधावर उभें राहून, हातांत दोरी घेऊन ठरवावयाचें आहे.